एका कोटात दोघं

माझ्या आत्याकडे फोटो बघायला जायचं म्हणजे आधी साबणाने हात धुवायचे, टॉवेलने खडखडीत कोरडे करायचे आणि मग ते तिला दाखवायचे. ती हात उलटेसुलटे करून बघते, बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली आहे का ते चाचपते, आणि पसंत पडलं तरच टेबलाशी बसू देते. बसल्यावर फोटोवर वाकायचं नाही. फोटोसमोर बोलायचं नाही, आणि हसायचं तर मुळीच नाही, कारण हसताना थुंकी उडते आणि हसणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. अगदीच बोलावंसं वाटलं तर मान वळवून बोलायचं. त्यामुळे आमच्या घरातले लोक आजी-आजोबांच्या आठवणी काढतात त्या शेजारच्या कपाटाला उद्देशून.

आत्या छापखान्यात बाइंडिंग खात्यात होती. पुस्तकांच्या पाठी शिवायच्या, पुठ्ठे चढवायचे, कडा कापून सारख्या करायच्या, हे तिचं काम. लोकांची पुस्तकं शिवता शिवता तिचं लग्न राहून गेलं, असं नातेवाईक हळहळून सांगतात. ती म्हणते, राहून गेलं नाही, टाळलं. निवृत्त झाली त्याच सुमारास घरातले सगळे जुने फोटो तिच्या ताब्यात आले आणि छापखान्याने जी बाई सोडली ती सगळीच्या सगळी आमच्या अंगावर आली.

जगात तिचे दोन शत्रू आहेत. एक ओल आणि दुसरी कसर. कसर म्हणजे तो चंदेरी, चपटा, कागद कुरतडणारा किडा. तिसरा शत्रू चिकटपट्टी, पण तिचं नाव आत्यासमोर काढायचं नसतं. कुणी नवे बूट घेतले की आत्या बूट बघत नाही, खोक्यात हात घालते आणि ओलावा शोषणारी ती छोटी पुडी काढून घेते. तिच्या फोटोंच्या पेट्यांत आख्ख्या खानदानाच्या बुटांच्या पुड्या आहेत. प्रत्येक फोटोच्या मागे, अगदी कडेला, मऊ पेन्सिलीने नावं. पेनने लिहिणाऱ्याला ती घरात घेते, पण चहा देत नाही.

आता तिच्या भावांबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगताना माझा आवाज चढणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. आत्याला दोन धाकटे भाऊ. त्यातला मोठा म्हणजे माझे बाबा आणि लहान म्हणजे काका. दोघांच्या वयात वर्षाचं अंतर आहे. अकलेत तेवढंही नाही.

आजी गेली आणि तिचं घर रिकामं करायची वेळ आली तेव्हाची गोष्ट. माळ्यावर फोटोंची ट्रंक होती. बाबा शिडीवर चढले, काकांनी शिडी धरली. माळ्यावरची धूळ उडाली आणि काकांना शिंक आली. इथपर्यंत दोघांचंही एकमत आहे. पुढे बाबांचं म्हणणं असं, की काकांनी शिंकताना नाकावर हात धरला म्हणजेच शिडी सोडली. काकांचं म्हणणं असं, की नाकावर हात धरणं हा सभ्यपणा आहे, आणि त्यांनी फक्त एक हात काढला होता, दुसऱ्याने शिडी धरलेलीच होती. शिडी कुणाच्याही म्हणण्याची वाट न बघता आडवी झाली. बाबा ट्रंकेसकट खाली आले ते जुन्या गाद्यांच्या ढिगावर. खरचटलंसुद्धा नाही. पण शब्दाने शब्द वाढला. "तू मुद्दाम सोडलीस," "मुद्दाम कुणी शिंकतं का," "तुझा काय नेम," असं करत करत दोघांनीही एकमेकांचं तोंड पुन्हा बघणार नाही असं जाहीर केलं. त्या वेळी आत्या दोघांच्या मधे गुडघ्यांवर बसून फरशीवर पांगलेले फोटो गोळा करत होती आणि दोघांनाही सांगत होती की पाय जरा बघून टाका.

तोंड बघणार नाही ही धमकी दुसऱ्या घरात लोक चार दिवसांत विसरतात. आमच्या घराण्यात मात्र त्यानंतर कात्री निघते, आणि हे पूर्वापार चालत आलंय. आमच्या एका चुलत आजोबांनी मेव्हण्याशी वितुष्ट आल्यावर त्याला सगळ्या फोटोंतून कापून काढलं होतं. त्यामुळे एका फोटोत सात माणसं एका भोकाकडे बघून खदखदून हसताहेत. दुसऱ्या एका फोटोत एक नवरी लाजून कुणाचातरी हात धरून उभी आहे आणि तो हात कोपरापाशी संपतो. आत्याला या भोकांचा मनापासून संताप. माणूस नको असेल तर नको, पण बिचाऱ्या कागदाने काय घोडं मारलंय, असं ती म्हणते.

तेव्हा जे व्हायचं तेच झालं. महिन्याभरात बाबा आत्याकडे आले, म्हणाले, "आईचे फोटो बघायचेत. तो ज्यात असेल त्यातून आधी त्याला काप." दोन दिवसांनी काका आले आणि शब्दन् शब्द तेच बोलले. आत्याने दोघांनाही सांगितलं, "माझ्या घरात फोटोला कात्री लागणार नाही. तोंड दिसायला नको ना, मग दिसणार नाही. बाकीचं माझ्यावर सोडा."

मग तिने टिकल्या काढल्या. पुस्तकाच्या वेष्टणाला लावतात तशी जाड पारदर्शक शीट तिच्याकडे होती. प्रत्येक फोटोच्या मापाच्या तिने दोन दोन शीटा कापल्या. एकीवर, काकांचं तोंड बरोबर जिथे येतं तिथे, काळ्या कागदाची गोल टिकली चिकटवली. दुसरीवर तशीच बाबांच्या तोंडाच्या जागी. फोटोला डिंकाचा थेंब लागला नाही. नुसती शीट वर ठेवायची की नको असलेला माणूस गायब, आणि उचलली की हजर. रविवारी बाबा यायचे, तेव्हा काकांना टिकल्या. बुधवारी काका यायचे, तेव्हा बाबांना. शनिवारी आणि मंगळवारी आत्या शीटा बदलत बसायची. दोन म्हाताऱ्या माणसांचा रुसवा सांभाळायला तिसरं म्हातारं माणूस कामाला लागलं होतं. मला तिची दया यायची आणि त्याहून जास्त या दोघांचा राग यायचा, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ट्रंकेत एक फोटो असा निघाला जो त्याआधी दोघांनीही धड पाहिला नव्हता. तोच आत्याचा सगळ्यात लाडका. बाबा सहा वर्षांचे, काका पाच. आजीला दोघांचा कोटातला फोटो हवा होता आणि स्टुडिओवाल्याकडे मुलांचा कोट एकच होता, तोही चांगल्या थोराड मुलाच्या मापाचा. आजी माघार घेणारी बाई नव्हती. तिने दोघांनाही त्या एका कोटात घातलं. एकाचा हात या बाहीत, दुसऱ्याचा त्या बाहीत, आणि गळ्यातून दोन डोकी बाहेर. उवा झाल्या म्हणून दोन्ही डोकी सफाचट. धाकट्याला खोक्यावर उभं केल्यामुळे उंची सारखी. मागे रंगवलेला जिना, पुढे हे दोघं, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर आत्ता रडू का मग, असा भाव.

या फोटोवर शीट टाकली की कोटातून एक मुलगा वर यायचा आणि शेजारी एक काळा चंद्र. बाबांना तो फोटो इतका आवडला की रविवारी बाकीच्या पेट्या उघडायच्या आधीच तो मागायचे. मान कपाटाकडे वळवून म्हणायचे, "ताई, बघ ना. काय गोड दिसायचो मी. या चेहऱ्यावर कुठे कपट दिसतं का तुला? सांग, असल्या पोराच्या वाट्याला असला भाऊ यावा?" आत्या म्हणायची, "मान अजून थोडी वळव, थुंकी उडतेय."

बुधवारी कामावरून परतताना मी बऱ्याचदा आत्याकडे डोकावायचे, तेव्हा काका तिथे असायचे. तोच फोटो, चंद्र दुसऱ्या बाजूला. काका खिडकीकडे बघत म्हणायचे, "हा मुलगा कुणावर खोटा आळ घेईल असं वाटतं? डोळे बघ याचे. देवाने घडवताना वेळ काढून घडवलाय." मी एकदा आत्याला म्हटलं, की दोघंही स्वतःच्या एवढे प्रेमात असतील असं मला वाटलं नव्हतं. आत्या म्हणाली, "चालायचंच," आणि पेटीतल्या पुड्या मोजायला लागली.

असं कित्येक वर्षं चाललं. आणखीही चाललं असतं, पण आत्याचे गुडघे गेले. तिसऱ्या मजल्यावरून तिने त्याच इमारतीत तळमजल्यावर यायचं ठरलं. तळमजल्याची खोली चांगली ऐसपैस होती, फक्त मागच्या भिंतीला ओल. पांढरा चुना बोटाने खरवडला तर बोट ओलं व्हायचं. आत्याने ती भिंत बघितली आणि त्याच दिवशी मला सांगितलं, "मी इथे राहीन, पण फोटो राहणार नाहीत. तुझ्या बापाला आणि काकाला विचार, कुणाकडे कोरडं कपाट आहे."

हे विचारायला मला का पाठवलं, माहीत नाही. बहुतेक मी नको म्हणत नाही म्हणून. बाबा म्हणाले, स्टीलचं कपाट आहे, सगळे माझ्याकडे आण. काका म्हणाले, नवं सागवानी कपाट केलंय, त्यात ओल चुकूनही येणार नाही, सगळे माझ्याकडे आण. दोघांनाही एकमेकांचं उत्तर सांगितल्यावर दोघंही म्हणाले, "मग वाटणी." झालं. चार महिने मी इकडून तिकडे निरोप वाहत होते. आजीचे हसरे फोटो बाबांना, गंभीर काकांना. त्यावर काकांची तक्रार, की गंभीर फोटोत आई माझ्यावर रागावल्यासारखी दिसते. मग दोन हसरे इकडे, दोन गंभीर तिकडे. लग्नाचे फोटो, सहलींचे फोटो, एका अनोळखी कुत्र्याचे चार फोटो, जे दोघांनाही नको होते आणि शेवटी माझ्या घरी आले.

आणि घोडं अडलं ते कोटाच्या फोटोपाशी. तो दोघांनाही हवा होता. मी म्हटलं, दुकानातून प्रत काढून देते, दोघांना एकेक. ओळखूसुद्धा येणार नाही. दोघंही, दोन वेगवेगळ्या घरांत, माझ्याकडे सारख्याच कीव आल्यासारख्या नजरेने बघून म्हणाले, "अस्सल ते अस्सल." मग बाबांनीच तोडगा काढला. कोटाच्या बटणांवरून सरळ उभा कापायचा. आपापला अर्धा आपण न्यायचा. मी तावातावाने हे काकांना सांगायला गेले, वाटलं काका तरी भडकतील. काका म्हणाले, "हे मात्र बरोबर बोलला." इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदा कशावर एकमत झालं असेल तर ते यावर.

हे मी आत्याला जाऊन सांगितलं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "बरं," ती म्हणाली. "पण कापीन मी. यांच्या घरातल्या कात्र्या मला माहीत आहेत, भाज्यांच्या देठांवर चालवतात."

मी म्हटलं, "आत्या, तू लपवून ठेव ना. सांग, कसरीने खाल्ला."

"माझ्या घरात कसरीने खाल्ला असं सांगू?" ती म्हणाली. इतकी दुखावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "त्यापेक्षा कापते."

पण मला कळत होतं. त्या फोटोची पेटी ती रोज सकाळी उघडायची, त्यात काही तपासायचं नसलं तरी. तो कापला गेला असता तर दोघा भावांना अर्धा अर्धा मिळाला असता आणि तिच्याकडे काहीच उरलं नसतं. हे त्या दोघांच्या डोक्यात येत नव्हतं, आणि ती तोंडाने बोलणार नव्हती.

ठरलेल्या दिवशी दोघंही आले. एकाच खोलीत, एकाच टेबलाशी. बाबा कपाटाकडे तोंड करून बसले, काका खिडकीकडे. मधे मी, कारण दोघंही एकमेकांशी थेट बोलणार नव्हते. आत्याने हात तपासले. शिवाय आज फोटोला बोट लावायचं म्हणून सुती हातमोजेही काढले, पण जोड एकच होता. डावा बाबांना मिळाला, उजवा काकांना.

"त्यांना सांग," काका खिडकीला म्हणाले, "डावा मला हवा होता. माझ्या उजव्या हाताला घाम येतो."

"त्यांना सांग," बाबा कपाटाला म्हणाले, "घाम खोटं बोलणाऱ्याला येतो."

"दोघंही गप्प बसा," मी म्हटलं. हा निरोप कुणाचा नव्हता, माझाच होता.

आत्याने फोटो टेबलावर ठेवला. शेजारी स्टीलची पट्टी आणि बाइंडिंगची सुरी. मग शीट उचलून बाजूला केली. इतक्या वर्षांत त्या फोटोत दोन्ही डोकी एकदम दिसली ती आज. बाबांनी लगेच एक मासिक उभं धरून उजवी बाजू झाकली. काकांनी कानशिलापाशी तळहात आडवा धरला. आपण वयाने साठी ओलांडलेल्या माणसांबरोबर बसलोय हे मला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं.

"आपापल्यावर बोट ठेवा," आत्या म्हणाली. "मागाहून तक्रार चालायची नाही."

बाबांनी मोज्यातलं बोट डाव्या मुलाच्या वर, हवेतच धरलं. काकांनी उजव्या मुलाच्या वर.

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, ताई? मी मला ओळखत नाही का?"

काका मला म्हणाले, "त्यांना सांग, त्यांची खात्री नसेल, पण माझी आहे."

आत्याने पट्टी जरा लांब सरकवली. "उलटं आहे," ती म्हणाली. "डावा आहे तो धाकटा. उजवा आहे तो थोरला."

मग बाबा हसले, अर्थात मान वळवून. म्हणाले, काहीतरीच. दर रविवारी मी मला बघतोय.

"दर रविवारी तू याला बघतोयस," आत्या म्हणाली. "पहिल्याच रविवारी माझ्याकडून शीट पालथी पडली. पारदर्शकच ती, कुठली बाजू वर कळत नाही. टिकली जायला हवी होती याच्या तोंडावर, गेली तुझ्या तोंडावर. तू गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. मग बुधवारी याचीही पालथी टाकावी लागली, नाहीतर दोघंही एकाच पोराला मी, मी म्हणत बसला असतात."

"पण हा मीच आहे," बाबा म्हणाले. "नाक बघ."

"कान बघ," आत्या म्हणाली.

डाव्या मुलाच्या कानाची वरची कड आत दुमडलेली होती. आम्ही सगळ्यांनी काकांच्या कानाकडे बघितलं. बाबांनीसुद्धा बघितलं, मासिक बाजूला करून. काकांनी हाताने कान झाकला, पण तोवर उशीर झाला होता. पंचावन्न-साठ वर्षांत त्या कानाची घडी काही उलगडलेली नव्हती.

"तो कॉलर लागून दुमडलाय," बाबा म्हणाले. "मला पहिल्यापासून माहीत आहे." पण हे म्हणताना त्यांचा आवाज बसला होता.

"सांगितलं का नाहीस?" काका आत्याला म्हणाले.

"सांगणार होते. पुढच्याच रविवारी सांगणार होते. पण हा तुझ्या फोटोकडे बघून म्हणाला, या चेहऱ्यावर कपट दिसतं का. आणि तू म्हणालास, हा कुणावर खोटा आळ घेणार नाही. मला इतकं बरं वाटलं. तोंडावर तुम्ही एकमेकांना एवढं चांगलं जन्मात म्हणाला नसतात. म्हटलं, राहू दे. बोलतायत ना, बोलू देत." आत्याने हे कपाटाकडे वगैरे न बघता, सरळ फोटोवर बोलून टाकलं. "मला ते ऐकायला आवडायचं. आता सांगा, कुणाला कोण हवाय?"

आता तरी हे दोघं वरमतील असं कुणाही शहाण्या माणसाला वाटेल. मलाही वाटलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

बाबा मला म्हणाले, "त्यांना सांग, मी हाच घेणार."

"हाच म्हणजे काका?"

"हाच म्हणजे हा. इतकी वर्षं याला बघतोय. तो दुसरा कोण, मी ओळखतही नाही."

"तो दुसरा तुम्ही आहात."

"असेन. माझी त्याची ओळख नाही."

काका म्हणाले, "मग मीही माझा सोडणार नाही, म्हणावं."

"तुमचा म्हणजे बाबा."

"जो असेल तो. त्याचे डोळे मला पाठ आहेत."

थोडक्यात निकाल जिथल्या तिथेच राहिला. डावा बाबांना, उजवा काकांना. फरक एवढाच, की आता बाबा काकांना घरी नेणार होते आणि काका बाबांना, आणि एवढं होऊनही कापू नको असं आधी म्हणायला कुणीच तयार नव्हतं. म्हणायचं दोघांच्याही ओठांवर आलेलं मला दिसत होतं. पण जो आधी बोलेल तो हरला, हे दोघांच्याही मनात पक्कं होतं. मला इतका राग आला की स्वयंपाकघरातून चहा आणून फोटोवर ओतावा असं वाटलं. ओतला असता तर आत्याने मला घराबाहेर काढलं असतं, म्हणून नाही ओतला.

"म्हणजे कापायचाच," आत्या म्हणाली.

तिने पट्टी उचलली आणि बटणांच्या रांगेवर उभी ठेवली, डाव्या हाताने दाबून धरली. सुरी घेतली. पट्टी किंचित सरकवली, पुन्हा नीट लावली. सगळं आयुष्य कागद कापलेल्या बाईला एक सरळ रेघ मारायला एवढा वेळ लागत नाही. सुरीचं टोक वरच्या कडेला टेकलं आणि तिथेच थांबलं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"बोटं मधे येतायत," आत्या म्हणाली.

"मग काढ की बाजूला."

"ही नव्हेत." तिने पट्टी धरलेला हात हलवलाच नाही. सुरीच्या टोकाने, कागदाला न टेकवता, तिने तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मधली जागा दाखवली. तिथे कोटाला चार चुण्या पडल्या होत्या. निदान आम्ही सगळे त्यांना चुण्याच समजत होतो. अर्ध्या पट्टीखाली, अर्ध्या बाहेर. मी वाकून बघितलं, आणि वाकू नको असं आत्या म्हणाली नाही. चुण्या नव्हत्या त्या. कोटाच्या फटीतून आलेली चार लहान बोटं होती, कोटाच्या दोन्ही कडा घट्ट आवळून धरलेली.

"दोघं आत शिरल्यावर बटणं लागेनात," आत्या म्हणाली. "आणि तुम्ही आतल्या आत लाथा मारत होतात. स्टुडिओवाला म्हणाला, कोट फाटला तर भरून द्यावा लागेल. मग आईने मला तुमच्या मागे, कोटाच्या आत, उकिडवं बसवलं. मी मधून हात काढून कोट धरला. माझा वेगळा फोटो नंतर काढू म्हणाली होती. तो राहिला." तिने सुरी पुन्हा वरच्या कडेला आणली. "तर मी त्यात एवढीच आहे. कापताना दोन बोटं इकडे जातील, दोन तिकडे. चालेल ना?"

बाबांनी मासिक खाली ठेवलं. काका खिडकी सोडून वळले. दोघंही त्या चार बोटांकडे बघत राहिले. मग काका बोलले. माझ्याकडे न बघता, खिडकीला नाही, कपाटाला नाही.

"दादा," काका म्हणाले, "पट्टी उचल ना. ताईच्या हातावर आहे."

बाबांनी उचलली.